आकाशासाठी काटछाट

२ मार्च, ओरान

पोचलो एकदाचे. हमालांनी फ्रिज धडाधड चढवला, पण एक खोकं तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत जुहेर जिन्यात त्यांच्या मागेमागे "हळू रे बाबांनो" करत होता. त्यात त्याचा कॉम्प्युटर. भांडी अजून बांधलेलीच आहेत, गाद्या गुंडाळलेल्या, आणि बैठकीच्या खोलीत मात्र टेबल लागलंय, स्क्रीन लागलाय, विमान उडवायच्या खेळाचा दांडा आणि पायाखालची पेडलं जागेवर. मी विचारलं, बायकोचं खोकं कधी उघडणार? तो म्हणाला, त्यावर 'जपून हाताळा' लिहिलेलं नाही, ते शेवटी.

शिक्षकांच्या संपात भाषणं केली म्हणून माझी इथल्या शाळेत बदली झाली. शिक्षा म्हणून समुद्र मिळणार असेल तर मी दरवर्षी संप करीन. खिडकीतून सगळी खाडी दिसते, नांगर टाकलेली जहाजं, उजवीकडे मुरजाजोचा डोंगर आणि त्यावरचा किल्ला.

समोरच्या दारातली यामिना मावशी हरभऱ्याच्या पिठाची गरम करंटिका घेऊन आली. पाच मिनिटांत माझा पगार, मूल नसण्याचं कारण आणि जुहेरचा फिका चेहरा, सगळ्याची चौकशी. तिचा नवरा बंदरावर क्रेन चालवायचा, ते तिनं तीनदा सांगितलं. दिवसभर घरात बसणारा नवरा म्हणजे कपाट, म्हणाली, अधूनमधून धूळ पुसायची.

४ मार्च

जुहेर दक्षिणेच्या वाळवंटात टोळधाडीवर औषध फवारणारं विमान चालवायचा. मग कानाच्या आत काहीतरी बिघडलं, तोल जायला लागला, परवाना गेला. आता त्याचं आकाश त्या स्क्रीनएवढं. चित्र अखंड चाललं तर तो तासन्‌तास उडतो. अडखळलं की त्याचं डोकं गरगरतं.

आज त्यानं ओरानला उतरायचं ठरवलं होतं. खाडीवर येताच चित्र गचके खायला लागलं. त्याला ओकारी आली, न्हाणीघरापर्यंतही पोचला नाही. नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि म्हणाला की आता हेही गेलं.

नवं ग्राफिक कार्ड आम्हाला परवडणारं नाही. जे आहे तेच मी सुधारणार. ज्या विषयातलं कळत नाही त्यावर बोलायचं नाही, आणि बोलायचंच असेल तर आधी वाचायचं, हा माझा नियम. वाचायला बसले आहे.

६ मार्च

कॉम्प्युटरच्या पंख्यांतली धूळ ब्रशनं काढली. मागे गुपचूप चालणारे सगळे प्रोग्राम बंद केले. डबा भिंतीपासून लांब सरकवला, त्याला श्वास घेता यावा म्हणून. बराच फरक पडला, पण शहर आलं की गचके पुन्हा सुरू.

खेळाच्या सेटिंगमध्ये ढग, सावल्या, वाहनं, जहाजं, माणसं अशा सगळ्यांसाठी एकेक पट्टी आहे. पट्टी खाली ओढली की त्या गोष्टी कमी होतात आणि यंत्राचा भार हलका होतो. काटछाट हा शब्द मला सहन होत नाही. माणसं कापायची आणि मग कारभार सुरळीत झाला म्हणून मिरवायचं, अशा लोकांशी मी आयुष्यभर भांडले. पण ही तर रंगवलेली जहाजं. शून्यावर नेली.

चित्र रेशमासारखं सरकलं. जुहेर खाडीवरून गेला, किल्ल्याला वळसा घातला, उतरला आणि मोठ्यानं हसला. ते हसू मी दोन वर्षांनी ऐकलं.

७ मार्च

सकाळी खाडी रिकामी. एकही जहाज नाही.

मला वाटलं, गोदी कामगारांनी संप केला. ऊर भरून आला. शाळा सुटताच भाषण जुळवत बंदराच्या फाटकापाशी गेले. ना झेंडा, ना गर्दी. पहारेकरी चहा पीत बसला होता. विचारलं, संप कधीपासून, मागण्या काय? त्यानं मला ऊन लागलंय समजून बसायला स्टूल दिलं.

"जहाजं? ताई, या खाडीत जहाज कधी लागलंय? इथे मासेसुद्धा पायी येतात."

मग तुम्ही कशावर पहारा देता, मी विचारलं. तो म्हणाला, फाटकावर.

८ मार्च

यामिना मावशीला तिच्या नवऱ्याच्या क्रेनबद्दल विचारलं. ती चक्रावली. तिचा नवरा शिंपी होता म्हणे. भिंतीवरच्या फोटोत तो शिलाई मशीनपाशी बसलेला आहे.

जुहेर अंघोळीला गेल्यावर मी जहाजांची पट्टी वर केली आणि खिडकीकडे धावले. खाडी भरली होती. पण सगळीकडे एकच जहाज. नांगराखाली तोच गंजाचा ओघळ, कठड्याशी तोच खलाशी, तोच हात वर केलेला. कुणीच हात खाली घेईना.

जुहेर खेळायला बसला. गचका आला, तो खुर्चीवरून पडला, भुवई फुटली. जखम बांधता बांधता मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पुढारीणबाई, तुमच्या सभा बंद झाल्या म्हणून डोकं भलतीकडे चालायला लागलंय."

त्यानं स्वतः जहाजं शून्यावर नेली. मी अडवलं नाही. रक्त अजून थांबलं नव्हतं.

१० मार्च

वर्गात होते. फळ्यावर तारीख लिहिली, वळले. बाकं रिकामी. उघडी पुस्तकं, एका बाकावर अर्धवट सोललेलं संत्रं.

घरी चालत आले. चहाच्या टपरीवर किटली उकळत होती, भोवती कुणी नाही. यामिना मावशीचं दार उघडं, करंटिका गरम, मावशी नाही.

जुहेरचा चेहरा उजळलेला. त्यानं आता सगळ्या पट्ट्या ओढणं शिकून घेतलंय. माणसं शून्यावर. "बघ ताऊस, केसाएवढा धक्का नाही."

मी उरले, कारण मी त्याच्यासोबत विमानाच्या आत आहे. एवढंच मला समजतं.

११ मार्च

दुपारी तो झोपला तेव्हा माणसांची पट्टी निम्म्यावर आणली. रस्त्यावरचा आवाज परतला. मी रडत जिन्यात धावले.

यामिना मावशी भाजी घेऊन वर येत होती. वळणावर होती तेव्हा तिला चेहरा नव्हता. मळलेल्या पिठाच्या गोळ्यासारखं गुळगुळीत. चार पायऱ्या वर आली तेव्हा डोळे आले. मग ओठ. हाताच्या अंतरावर आली तेव्हा सुरकुत्या.

"काय गं, अशी काय बघतेस? माझे दात मोजतेस का?"

मी एक पाऊल मागे घेतलं. चेहरा पुन्हा गेला. बोलणं चालूच.

१२ मार्च

वर्गात शेवटच्या बाकापर्यंत सगळे बिनचेहऱ्याचे. शिकवताना बाकांमधून फिरत राहिले, प्रत्येकाला थोडा वेळ तरी चेहरा मिळावा म्हणून.

घरी चित्र पुन्हा अडखळतं, तो पुन्हा ओकतो. आज रडला. त्याला हे एकच हवं आहे, बाकी काही नाही. मी विचारलं, एवढ्यासाठी सगळं शहर? तो म्हणाला, शहर पहिल्यापासून असंच आहे.

यंत्राची वायर उपटायला गेले. त्यानं मनगट धरलं. लग्नानंतर पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

१३ मार्च

त्याला नवं सेटिंग सापडलंय. मला आनंदानं वाचून दाखवलं. वैमानिक ज्याकडे बघत नाही, त्याचं चित्र यंत्रानं रंगवायचंच नाही. भार वाचतो. माणसं निम्म्यावर राहू देतो, म्हणाला, तुझ्या समाधानासाठी.

मी नको म्हणेपर्यंत त्यानं त्या सेटिंगपुढे खूण केली होती.

तारीख माहीत नाही

चुलीपाशी होते. सूप ढवळत होते. मग जुहेर माझ्याकडे वळून चहा मागत होता. सूप जळून कोळसा झालेलं आणि कोळसा गार.

मधे काय झालं — झोप नव्हती. अंधार नव्हता. मधे मी —

नंतर

तो बघतो तेवढीच मी असते.

सांगितलं त्याला. वचन दिलं त्यानं, बघत राहीन. प्रेमानं बघतो. मग डावीकडून वारा येतो, विमान कलतं, आणि —

त्याची दाढी वाढली आहे. पुष्कळ.

नंतर

यंत्राकडे हात नेला की तो घाबरून स्क्रीनकडे झेपावतो. स्क्रीनकडे बघितलं की मी नाही. तसाच पुढे केलेला हात घेऊन परत येते. हातावर धूळ.

कानांवर त्यानं हेडफोन चढवलेत. माझा आवाज जात नाही. एवढ्या सभा गाजवल्या आणि आता —

वही. वही दाखवली. तो वाचतोय.

आता

जुहेर, वाच. मोठ्या अक्षरात लिहिते. तू वाचतोस तोवर मी इथे आहे. मान वळवू नकोस. विमान खाली येतंय, माहीत आहे मला. धावपट्टी समोर आहे. येऊ दे. आदळलं तर ते खोटं विमान आदळेल.

पेडलवरून पाय काढ. न बघता डावा हात खाली ने. वायर तिथेच आहे. ओढ.

हसतोस का? एवढं एक उतरवतो म्हणतोस. नको. त्याआधी ऐक, मी तुला एक गोष्ट सांगते, आपल्या लग्नाआधीची, तुला कधीच सांगितली नाही ती. तू पहिल्यांदा आमच्या गावावरून विमान नेलंस तेव्हा मी गच्चीवर होते आणि माझ्या हातात — वर बघू नकोस — पुढच्या ओळीत सांगते, पुढची ओळ वाच, माझ्या हातात होतं ते