रविवार, दुपारी साडेतीन: मामा गैरहजर

रविवार, सव्वाचार वाजता

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे कागदावरच. गेला महिनाभर मला बुटाची नाडीसुद्धा खुर्चीवर बसून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बांधावी लागते. कारण पुढे यथाक्रम येईल.) आम्ही उभयता इकडे ठीक. मामींचा रक्तदाब आटोक्यात असेल आणि तुमचा गुडघा कुरकुर कमी करत असेल अशी आशा आहे. शेक देता का? गरम पाण्याची पिशवी वीस मिनिटांच्या वर ठेवू नये, हे मी पूर्वी दोनदा सांगितलं आहे, इथे तिसऱ्यांदा लिहून ठेवतो.

पत्राचं कारण तुम्हाला ठाऊक आहे, तरी नोंद असावी म्हणून लिहितो. आजचा धरून सलग पाच रविवार तुम्ही आपल्या हौशी बिनतारी रेडिओवर बोलायला आला नाहीत. अकरा वर्षांत आपली रविवारची साडेतीनची भेट एकूण नऊ वेळा चुकली होती: चार वेळा सूर्यावरच्या वादळामुळे, दोनदा तुमच्याकडे वीज नव्हती म्हणून, दोनदा लग्नकार्यामुळे (त्यातलं एक माझ्याच मेहुण्याचं, आणि मी जायला नको म्हणतच होतो) आणि एकदा माझ्या दाढेमुळे. सलग दोन रविवार कधीही नाही. फोन करावा तर मामी उचलतात, आणि तुम्ही एकतर झोपलेले असता किंवा अंघोळीला गेलेले. सात फोन झाले, त्यातले चार अंघोळीचे. तुमच्यासारखा माणूस पाच आठवड्यांत इतका स्वच्छ झाला, याचं कौतुक करावं की काळजी, हे मला ठरवता येत नाही. म्हणून हे पत्र. रविवारची भेट पुन्हा सुरू व्हावी, एवढीच माझी इच्छा आहे.

ही इच्छा साधी नाही, हे सांगायला हवं. इथे येऊन मला एकोणीस वर्षं झाली. माझं काम तुम्हाला माहीत आहे: दुकानांचे, दवाखान्यांचे वजनकाटे तपासायचे, बरोबर असेल त्याला शिक्का द्यायचा, नसेल त्याला नाही. कामावर काय, इमारतीत काय, मला सगळे 'ग्रॅम' म्हणतात. (तोंडावर ग्रॅम; पाठीमागे काय म्हणतात ते मी तपासलेलं नाही.) सोमवार ते शनिवार मी इथली भाषा बोलतो आणि बरी बोलतो, पण कुबड्या घेऊन चालावं तशी. प्रत्येक वाक्याआधी टेकू कुठे द्यायचा ते बघावं लागतं. बायकोशी मराठीतच बोलतो, पण तीस वर्षांच्या संसारात बोलायचं बरंचसं बोलून झालेलं असतं. राहता राहिला रविवारचा अर्धा तास. एकोणीस वर्षांत इथे मला कुणी 'गाढवा' म्हटलेलं नाही. ते फक्त रेडिओच्या वीस मीटरच्या पट्ट्यावर ऐकू येतं, आणि त्यानंतर आठवडा बरा जातो.

आता त्या दिवसाबद्दल, म्हणजे तुम्ही शेवटचे आलात त्या रविवारबद्दल. माझा स्वभाव तुम्ही जाणता. आपल्या या छंदात समोरच्याचा आवाज किती स्पष्ट आणि किती जोरकस येतो त्याचा शेरा द्यायचा असतो, आणि जगभरची हौशी मंडळी सरसकट सगळ्यांना 'पाच-नऊ' देऊन मोकळी होतात, म्हणजे उत्कृष्ट. कुणाच्या घरी जेवून 'छान झालं होतं' म्हणावं, तसं. मी ते कधी केलं नाही. मी तीन-पाच असेल तर तीन-पाच देतो. तुमच्या साठाव्या वाढदिवशीसुद्धा मी तुम्हाला तीन-चार दिला होता आणि तुम्ही 'गाढवा, आज तरी' असं म्हणाला होता, याची नोंद वहीत आहे. ही विद्या मला कुणी शिकवली नाही. मी दहावीनंतर शाळा सोडलेला माणूस, मोडके रेडिओ उघडून शिकलो. (तुम्ही जुन्या मासिकांचं एक गाठोडं दिलं होतंत, पण ते शिकवणं नव्हे, ती रद्दी देणं.) आणि म्हणूनच त्या रविवारी नव्या अँटेनावर काय झालं ते सविस्तर सांगणं भाग आहे.

आमच्या इमारतीच्या व्यवस्थापकाने (कमरेला चाळीसेक किल्ल्या, म्हणून आम्ही त्याला किल्लीवाला म्हणतो) छताची डागडुजी काढली आणि माझी अँटेना उतरवायला लावली. पुन्हा कधी लावू, असं विचारलं तर म्हणाला, "बघू." या देशात 'बघू' म्हणजे काय ते मला एकोणीस वर्षांत पुरतं कळलं आहे. तेव्हा मी घरातच अँटेना करायची ठरवली. बैठकीच्या खोलीच्या तीन भिंतींवरून, पडद्यांच्या दांड्यांच्या मागून तार फिरवली. लांबी दहा मीटर अकरा सेंटिमीटर, दोनदा मोजलेली. बाहेरून दिसत नाही, किल्लीवाल्याला कळत नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही अँटेनाहून सरस, हे मी तुम्हाला आधीचे तीन रविवार सांगत होतो. बसवताना तिसऱ्या खिडकीपाशी स्टूल सरकलं आणि मी पडदा हातात घेऊन खाली आलो. (कंबरेचं कारण हे.) बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पडदा फाटला का?" माणसाची चौकशी नंतर झाली.

त्या रविवारी साडेतीनला तुम्ही आलात. किंचित खरखर होती. उल्लेख करण्याइतकी नाही. आपलं बोलणं झालं, नेहमीसारखं. चार वाजून दोन मिनिटांनी दार वाजलं. खालच्या मजल्यावर पियानो शिकवणाऱ्या एक वृद्ध बाई राहतात. म्हणाल्या, "माझ्या स्पीकरमधून एक पुरुष परक्या भाषेत बोलतो आहे, आणि तो तुम्हीच आहात." मी ओशाळून माफी मागितली. तर त्या म्हणाल्या, थांबवू नका, छताच्या अँटेनाच्या वेळी हळू यायचं, आता मोठ्याने येतं, एवढंच. म्हणजे ही बाई कित्येक वर्षं दर रविवारी माझी एक बाजू ऐकत होती! मी सगळ्या नियमांचं पालन करून जगभर जो आवाज धाडतो तो आधी खाली एक मजला उतरतो, हे मला माहीत नव्हतं.

तर खरखर. उल्लेख करण्याइतकी नव्हती तरी मला चुकीचा काटा खपत नाही, म्हणून मी तिचा शोध घ्यायचं ठरवलं. बॅटरीवरचा छोटा रेडिओ कानाला लावून तीन आठवडे सगळी इमारत पालथी घातली. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो, त्याचं यंत्र दोन मिनिटं बंद ठेवायची विनंती केली. खुर्चीतल्या रोग्याने माझे आभार मानले. लिफ्टमधून सव्वीस वेळा वरखाली केलं. चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाचं धुलाई यंत्र ऐकलं, आणि त्यांनी न विचारता त्याचा पट्टा ढिला असल्याचं सांगितलं. किल्लीवाल्याने मला जिन्यात गाठून विचारलं, "ग्रॅमसाहेब, काही हरवलं आहे का?" खरखर सगळीकडे थोडीथोडी, आणि आमच्या दाराशी सर्वांत जास्त. शेवटी बायको म्हणाली, "अहो, लोकांची दारं वाजवण्याआधी तुमच्या टेबलावरचा तो दिवा विझवून बघा की." टेबलावरचा दिवा मी स्वतः बनवलेला आहे, त्यातल्या वीज पुरवणाऱ्या भागासकट. विझवला. खरखर गेली. इतकी शांतता झाली की दूर कुठल्या तरी जहाजावरचा माणूस आपल्या बायकोला घराचा रंग कोणता लावायचा ते सांगत होता, तेही स्पष्ट ऐकू आलं. मी बायकोला म्हणालो की माझा संशय त्याच दिशेला चालला होता. तिने दिव्याची वायर गुंडाळून ठेवली.

मधेच एक गोष्ट सांगून टाकतो, तिला फार महत्त्व नाही. पियानोच्या बाई गेल्या आठवड्यात जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुमचा एक शब्द मला चालीवरून पाठ झाला आहे, दोन सुरांचा, शेवटी वर जाणारा. दर रविवारी तो दहा-बारा वेळा येतो. त्या शेवटच्या रविवारी एकदाही आला नाही." मी विचार केला, तो शब्द 'पुन्हा?' असणार. मी म्हणालो, याचा अर्थ त्या दिवशी मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काट्याच्या ताटलीखाली अंगठा धरलेल्या दुकानदाराकडे मी जसं पाहतो, अगदी तसं. संगीतवाल्यांना मोजायची खोड असते, दुसरं काय.

तात्पर्य, माझी बाजू आता बिनचूक आहे. दिवा माळ्यावर टाकला, तार जागेवर आहे. तुमच्याकडे काही बिघाड असेल तर आधी तारांचे सांधे बघा, मग वीजपुरवठा, मग मला कळवा. पुढच्या रविवारी साडेतीनला मी नेहमीच्या जागी आहे. यावं ही विनंती.

तुमचा आज्ञाधारक (तुम्ही नेहमी अमान्य करता तो शब्द),
भाचा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी बायकोने पत्र वाचलं. म्हणाली, "हे पत्र आहे की इमारतीचा पंचनामा? जे लिहायचं ते सोडून सगळं लिहिलंत." आणि पत्र माझ्यापुढे ठेवून ती समोर बसली आहे. अजून बसली आहे.

दुसरा ता. क. मामा, त्या रविवारी तुम्ही अकरा मिनिटं बोललात. मला त्यातले तीन शब्द आणि एक वाक्य ऐकू आलं. डॉक्टर, गुडघा, मंगळवार, आणि शेवटी, "मग तू काय म्हणतोस?" बाकी सगळी पत्र्यावर वाळू ओतावी तशी खरखर. मी 'पुन्हा' म्हणायला हवं होतं. पण सुरुवातीलाच तुम्ही विचारलं होतंत, "काय रे पडदेवाल्या, येतंय का काही ऐकू?" आणि मी पाच-नऊ देऊन बसलो होतो. आयुष्यात दिलेला पहिला खोटा शेरा. तो मागे घ्यायचा तर अँटेनाही मागे घ्यावी लागली असती. मग मी तीन शब्दांवरून हिशेब केला: शस्त्रक्रिया. आणि उत्तर दिलं, ते वहीत शब्दशः आहे: "डॉक्टरांचं बरोबर आहे मामा. इतकी वर्षं ओढलंत तेच खूप झालं. मंगळवारी उरकून टाका, मागेपुढे बघू नका. आणि इकडची काळजी नको, कुणाचं काही अडत नाही." त्यावर तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मला वाटलं सिग्नल गेला. मग 'बरं' असं काहीसं ऐकू आलं.

परवाच्या फोनवर मामी म्हणाल्या, "तुझे उपकार रे बाबा. दहा वर्षं डोकं आपटतेय, त्या गुडघ्याने गच्चीवर चढून तो अँटेनाचा खांब फिरवत बसू नका म्हणून. डॉक्टरनेही सांगितलं, तरी म्हणे भाच्याला विचारतो. तुझ्या एका शब्दावर मंगळवारी माणसं बोलावून खांब उतरवला, रेडिओवर चादर घातली. आता गच्चीत कपडे कसे छान वाळतात!" मी म्हणालो, "हो का? बरं झालं." हा दुसरा खोटा शेरा, पहिल्यानंतर तेहतीस दिवसांनी.

तिसरा ता. क. (बायको उठून आत गेली आहे. आता मी एकटाच लिहितो आहे.) तुम्ही मला विचारलं होतंत की रेडिओ बंद करू का. तो प्रश्न मी ऐकला नाही. त्याचं उत्तर आज देतो: नाही. आणि माझं अडतं. रविवारी अडतं, सोमवारी कामावर गेलं की कळतं.

खांब भंगारात देऊ नका, एवढं करा. गच्चीवर आडवा पडू दे. माझी रजा मंजूर झाली आहे, पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला मी येतो आहे. तो कसा उभा करायचा की तुम्हाला एकही पायरी चढावी लागणार नाही आणि मामींच्या कपडे वाळवायच्या दोऱ्याही राहतील, ते मला अजून सुचलेलं नाही. (असं वाक्य मी पूर्वी कधी लिहिलं नव्हतं.) तुम्हाला काही सुचलं तर सांगा, मी ऐकेन.

तोवर मी दर रविवारी साडेतीनला बसतोच आहे. उत्तर येणार नाही हे माहीत आहे. पण त्या पट्ट्यावर जागा कुणाच्या मालकीची नसते, रिकामी दिसली की कुणीही येऊन बसतं. म्हणून अर्धा तास तुमचं नाव पुकारत राहतो. बाकावर रुमाल टाकून ठेवावा, तसं.