दोष सापडला की काढून टाकणे

प्रिय चिकट्या,

हाक वाचूनच ओळखलं असशील. शाळेतल्या या नावाने तुला माझ्याशिवाय कोणी हाक मारत नाही, आणि मीही नऊ वर्षांत मारलेली नाही. वहिनींना सांग, पत्र भोंग्याचंच आहे. फाडायचं तर खुशाल फाडा म्हणावं, पण आधी याला शेवटपर्यंत वाचू द्या.

आधी बातमी. आपलं बुकिंगचं सॉफ्टवेअर पळायला लागलं! ‘आपलं’ म्हणायचा हक्क मला आहे की नाही, ते पत्र संपल्यावर तू ठरव. तू सोडून गेलास तेव्हा डोळ्यांचं एकच हॉस्पिटल होतं, आता अकरा आहेत. रोज सकाळी आठला सगळीकडच्या ऑपरेशनच्या वेळा खुल्या होतात, आणि आठ वाजून एक मिनिटाने लोकांच्या फोनवर नुसतं चाक फिरत राहायचं. कंटाळून ते आम्हाला फोन करायचे, आणि काय काय बोलायचे ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी मूळचा पंख्यांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरणारा माणूस. भार वाढला की तार जाड घाल, एवढंच मला कळतं. बुकिंग ज्यावर चालतं त्या एका मशीनची पाच केली, मागच्या खोलीला एसी लावला, आणि दुसऱ्या दिवशी आठला बघतो तर पुन्हा तेच चाक. आमच्याकडे एक नवी इंजिनिअर आली आहे, जिभेला धार आहे पोरीच्या. तिने मोजून तोंडावर सांगितलं, “सर, एक मशीन होतं तेव्हा मिनिटाला चाळीस बुकिंग होत होती. आता पाच आहेत, तरी चाळीसच. वाढलं ते फक्त विजेचं बिल.”

माझे कान तुला माहीत आहेत. बेअरिंग गेलेला पंखा मी रस्त्याच्या पलीकडून ओळखायचो आणि तू म्हणायचास, याला कुत्र्याच्या जन्माला घालायचं ते चुकून माणसाच्या घातलं. तर एका सकाळी बरोबर आठला मी त्या खोलीत जाऊन डोळे मिटून उभा राहिलो. बाहेर फोन खणखणत होते, आणि आत पाचही मशीनं तोंडात मूग धरून बसलेली. भार असता तर आतले पंखे बोंबलले नसते का? मी पोरीला बोलावून म्हटलं, “अगं, ही दमलेली नाहीत, खोळंबलेली आहेत. कोणाची तरी वाट बघतायत.” ती आधी हसली. मग हसायची थांबली आणि खुर्ची ओढून बसली.

दोन तासांनी तिला सापडलं. कुठल्याही मशीनवर बुकिंग आलं की ते एकाच दारातून आत जायचं आणि दार लावून घ्यायचं. नाव लिहायचं, पेशंटला मेसेज पाठवायचा, मेसेज गेल्याची पोच येईपर्यंत थांबायचं, मगच दार उघडायचं. एकेकाला दीड सेकंद. मेसेजचं लचांड आम्ही नंतर त्यात घुसडलं, पण दार तुझ्या हातचं. कोडमध्ये त्या दाराच्या वर तू एक टीप लिहून ठेवली होतीस. ती तिने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. “एका वेळी एकच. दुबार नोंदीचा दोष मला सापडलेला नाही. दोष सापडला की हे काढून टाकणे.” खाली तुझी आद्याक्षरं आणि तारीख. वाचून झाल्यावर तिने मला विचारलं, “मग सापडला का हो तो दोष?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ग्लासभर पाणी प्यायलो आणि म्हटलं, जेवून बसू.

जेवण कसलं जातंय! तो दिवस समोर उभा राहिला. सकाळी नऊच्या एकाच ऑपरेशनला दोन नावं निघाली, एक उपाशीपोटी आलेल्या त्या सुतारबाबांचं आणि दुसरं आमच्या ताईचं. ताईच्या डोळ्यात औषध घालून झालं होतं म्हणून तिला आत घेतलं, बाबांना परत पाठवलं. त्यांच्या घरी दोनदा जाऊन माफी मागून आलास तो तू. मग आठ दिवस तू एकेक ओळ चाळत बसलास. मी चहा आणून ठेवायचो, तू न बघता प्यायचास. आठव्या दिवशी म्हणालास, “माझं डोकं गेलं रे, मला दिसतच नाहीये.” तेव्हा डॉक्टरांसमोर मी ऐटीत निकाल दिला, एका वेळी एकच घ्या, विषय संपला. पुढे वर्षभर काहीही अडलं की माझा ठरलेला विनोद, “चिकट्याच्या हातचं आहे, तपासून घ्या.” तूही हसायचास. मग एक दिवस राजीनामा ठेवलास आणि शाळेत गणित शिकवायला गेलास. वहिनी आमच्या हिला मागे म्हणाल्या होत्या, हे हल्ली गॅस बंद केलाय का ते तीन-तीनदा उठून बघतात. हिने मला सांगितलं, आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. पोरीने दार काढलं, तुझा त्याआधीचा कोड जसाच्या तसा लावला आणि पन्नास हजार खोटी बुकिंग घालून त्याला बडवला. एकही दुबार नाही. निघणार कुठून? दोष नव्हताच, चिकट्या. ताईचा नंबर तीन आठवड्यांनी लागत होता. मी मॅनेजरच्या स्क्रीनवरून तिचं नाव हाताने नऊच्या वेळेत घातलं. ती वेळ आधीच गेली आहे का, ते बघितलंसुद्धा नाही. तुला विचारलं असतं तर तू नियमावर बोट ठेवलं असतंस, म्हणून विचारलं नाही. आठही दिवस मला ठाऊक होतं, आणि मी चहा आणत राहिलो. जेवणानंतर हे सगळं मी ऑफिसातल्या सगळ्यांसमोर सांगितलं. पोरीने एवढंच विचारलं, “ते सर आता कुठे असतात?” काल ताईला सांगितलं, तिने तासभर मला फैलावर घेतलं, आणि नंतर दुपारी मला जी झोप लागली म्हणतोस! आता मिनिटाला सहाशे बुकिंग होतात. दार गेलं, पण तुझी टीप मी पुसू दिलेली नाही. तिच्याखाली पोरीकडून एक ओळ घालून घेतली, “दोष सापडला. ताईचं नाव मी हाताने घातलं होतं.” खाली माझं पूर्ण नाव आणि तारीख. टीप पुसायची असेल तर ये आणि तुझ्या हाताने पूस. यावंसं वाटलं नाही, तरी गॅस एकदाच बघत जा. तुझ्या हातून काही चुकलेलं नव्हतं.

तुझाच, आणि या वेळी हळू आवाजात,
भोंग्या