मला बिनबापाची केलंत त्याबद्दल

बाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, म्हणून आता तुमच्याशी भांडायची भीती वाटत नाही. शाळेच्या सभागृहाला तुमचं नाव द्यायचं ठरलंय. माजी विद्यार्थिनी म्हणून मलाही पत्र आलं. मी ते फाडलं आणि सभागृहाचा मोठा खर्च ज्यांनी उचललाय त्या शेठना गाठायला थेट अंधेरीला गेले. तुमचं नाव हाणून पाडायला गेले, बाई, आणि जाताना मला फार बरं वाटत होतं.

तुम्हाला तो दिवस आठवायचा नाही, मला मात्र रोज आठवतो. वाकोल्याच्या आपल्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती. परीक्षानळी आम्ही फळ्यावर काढलेलीच पाहिली. हेच शेठ, रंगाच्या कारखान्याचे मालक, शाळा बघायला येणार होते. नववीतून तुम्ही मला निवडलंत, भाषण पाठ करून घेतलंत. ते ऐकायला बाबांनी शर्टाला इस्त्री केली. गिरणीच्या संपाचं दुसरं वर्ष चाललेलं, त्यांना बऱ्याच दिवसांनी कुठेतरी नीट कपडे घालून जायचं होतं. ते मागे दाराशी उभे आहेत, मी त्यांच्याकडे बघतेय, आणि तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून शेठना सांगताय, "ही आमची सगळ्यात हुशार मुलगी. बिनबापाची आहे हो." महिन्याभरापूर्वी त्याच बापाने तुमच्या ऑफिसच्या दाराला फुकटात कडी बसवून दिली होती. तुम्ही स्वतः त्याला चहा दिला होतात!

नंतर मी जिन्याखाली रडत बसले तेव्हा तुम्ही म्हणालात, "रडतेस काय गं? देणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की हात आपोआप खिशात जातो. प्रयोगशाळा काय तुझ्या बापाच्या जिवावर होणार होती?" घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "गो, मेलेल्या माणसाक च्या मिळात काय?" आणि एकटेच हसले.

पुढे मीही तुमचाच धंदा धरला. बोरिवलीच्या एका मूकबधिर शाळेसाठी गेली वीस वर्षं मोठमोठ्या लोकांकडे जाते. पण मी कुणाचा बाप मारला नाही. देणगीदाराला मुलांच्या शेजारी बाकावर बसवते आणि तोंड मिटून घेते. फुटकं श्रवणयंत्र दिसतं त्याला, ते लावून अक्षर काढू पाहणारी पोर दिसते. मग तोच विचारतो, काय लागेल. अशी प्रत्येक देणगी मिळाली की मी मनात तुम्हाला म्हणते, बघा.

शेठ आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "माझे बाबा तेव्हा जिवंत होते. बाईंनी तुम्हाला फसवलं." ते म्हणाले, "मला ठाऊक आहे ना. तुझा बाप गेटवर थांबला होता. बोलला, शेठ, मी मेलेलो नाय. पण पोरांना प्रयोगशाळा नाय, ते खरं आहे. तेवढं बघा. आणि बाईला काय बोलू नका, पोरीला त्रास होईल. मग मी पैसे दिले. बाईचं भाषण तर मी तिथेच विसरलो होतो."

ऐकलंत? देणाऱ्याच्या डोळ्यांतल्या तुमच्या त्या पाण्याची किंमत शून्य झाली, बाई. माझ्या बापाच्या दोन वाक्यांवर प्रयोगशाळा उभी राहिली आणि तुम्ही जन्मभर स्वतःची पाठ थोपटत राहिलात. मला इतका आनंद झाला की लाजच वाटली नाही.

मग शेठनी विचारलं, "तर मग बाईचं नाव काढायचं काय? तू बोल." आणि मी "नंतर कळवते" म्हणून उठून आले. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तेव्हा लिहून टाकते. त्या दिवशी तुमचं बोलून झाल्यावर शेठनी वाकून मला विचारलं होतं, "बेटा, कधी गेले बाबा?" यावर काय बोलायचं ते तुम्ही शिकवलं नव्हतं. दाराकडे न बघता मी म्हणाले होते, "दोन वर्षं झाली."