मेल्यावर हसायचं

मद्रास, मंगळवार

सौ. सुभद्रम्माला आशीर्वाद, आणि तिच्या अंबाडीच्या लोणच्याला साष्टांग नमस्कार.

मी ठीक आहे. इथलं जेवण सांबारात बुडालेलं असतं, मी अजून तरंगतोय. आपली लेक राज्यम काही खाते का? तिला आवडलेल्या बापट्ल्याच्या मास्तराला मी नकार दिल्यापासून तिने अन्न सोडलंय, असं तू लिहिलंस.

आज आमच्या सिनेमातल्या नायिकेला एकदाचं भिंतीत चिणलं. शहजाद्यावर प्रेम केल्याची शिक्षा. हुकूम बादशहाचा, वाक्यं माझी. पडद्यावर मेलेल्याने नंतर कॅमेऱ्याकडे बघून एकदा हसायचं, म्हणजे अशुभ टळतं, ही इथली रीत. पण पोरगी हसेचना.

"हस की गं अम्मा, सगळ्यांची जेवणं खोळंबलीत!" दिग्दर्शक ओरडला.

ती माझ्याकडे वळली. "काका, चिणणार तुम्ही, आणि वर हसायचंही मीच?"

सगळे हसले. सगळ्यात चांगलं वाक्य तिचं, आणि म्हणे संवादलेखक मी.

राज्यमच्याच वयाची आहे.

मास्तराच्या वडिलांना शुक्रवारी घरी बोलाव. मी गुरुवारी निघतोय. राज्यमला आधी जेवू घाल, मग सांग. नको, आधी सांग.

तुझा,
कोटेश्वरराव