दरजांमधलं सिमेंट

नाना,

झालं ते असं.

१. देवळालीकडच्या लाल विटांच्या बंगल्याची पाहणी माझ्याकडे आली.
२. पश्चिमेच्या भिंतीतल्या विटांचे पापुद्रे सुटत होते. कारण, दरजांमध्ये नंतर भरलेलं सिमेंट.
३. ते तुम्ही भरलं होतं.
४. अहवालात ‘दुरुस्ती कोणी केली’ या रकान्यात मी ‘अज्ञात’ लिहिलं.

घर तुम्हाला आठवत असेल. इंग्रजांच्या काळातलं, उंच धुराड्याचं. एक थर आडव्या विटांचा, त्यावर एक थर नुसती तोंडं दिसणाऱ्या विटांचा. खिडक्यांवरच्या कमानीतल्या विटा पाचरीसारख्या घासलेल्या, इतक्या नेमक्या की मधली दरज तीन मिलिमीटरच्या वर जात नाही. मी मोजली. तेव्हाचं आठवतं: मी आठ वर्षांची आहे, तुमचा डबा घेऊन पायरीवर बसले आहे, तुम्ही परांचीवर. मी खालून ओरडते, “नाना, तिसरी ओळ खाली गेलीय!” तुम्ही मान न वळवता म्हणता, “इंजिनेर बाई, ती ओळ तुमच्या पणज्याच्या वेळेपासून खाली हाय. डबा झाका, माश्या बसतील.” तरी संध्याकाळी तुम्ही ओळंबा माझ्या हातात दिलात आणि कोपरा तपासायला लावलात. दोरा स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा, हे मी तिथे शिकले.

मालक तेव्हा “एकदाचं पक्कं करून टाका” म्हणाले आणि तुम्ही केलंत. चुन्याच्या दरजेतून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद झाली, पाणी विटेतच राहिलं आणि विटांची तोंडं सुटली. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही डिप्लोमात कोणी सांगितलं नाही. तुम्ही गेल्यावर, पुढच्या शिक्षणात कळलं.

सध्या पेठचे एक मिस्त्री छिन्नीने ते सिमेंट काढतायत. परवा घाम पुसत म्हणाले, “म्याडम, लय इमानी माणूस होता. एवढं सिमेंट कोण घालतं? जरा चोर असता ना, तर इटा वाचल्या असत्या.” मी साइटवर सहसा हसत नाही. हसले. मालकीणबाईंनी व्हरांड्यातून विचारलं, “काय झालं हो?” मिस्त्रींनी सांगितलं. त्या म्हणाल्या, “नाव नाही आठवत त्याचं. त्याची पोरगी यायची डबा घेऊन. भारी आगाऊ! भिंत वाकडी आहे म्हणायची.”

“होती का?” मी विचारलं.

“मला काय कळतंय? तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा.”

मी वहीत बघून म्हटलं, “तिसरा थर सहा मिलिमीटर खाली आहे.” एवढंच बोलले.

काम चांगलं चाललंय. निम्म्या भिंतीत चुना भरून झाला; सकाळी हात लावला तर खालचे थर कोरडे लागतात. फुटलेल्या विटा तेवढ्या बदलल्या, बाकीच्या टिकतील. उत्तरेच्या भिंतीला पाऊस कमी लागतो आणि तिथलं तुमचं सिमेंट विटांना इजा केल्याशिवाय निघत नाही, म्हणून ते तसंच ठेवायला सांगितलं आहे. हा तांत्रिक निर्णय आहे. दोनदा तपासला.

तुमच्यावर ठपका येऊ नये म्हणून ‘अज्ञात’ लिहिलं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. ते खरं नाही. मी तुमची मुलगी, डबा आणणारी ती पोरगी, हे बाईंना कळू नये म्हणून लिहिलं. त्या मला उठून खुर्ची देतात, ते मला आवडतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हे मला माहीत आहे. तरी अहवाल शनिवारी जातो. रकान्यात तुमचं नाव लिहू की नको, ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा.