हॉटेल म्हणजे खोल्या

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा राग तसाच आहे. आता मीही अंबाजोगाईत पोरांना वेबसाइट बनवायला शिकवते. पहिलं पुस्तक कोणतं घेऊ, पहिला प्रोजेक्ट कोणता करू, असं कुणी विचारलं की तुम्ही आठवता. तुमचं ते विटेएवढं इंग्रजी पुस्तक आठवतं. "पयल्या पानापासून पाठ करा, मधी उड्या मारायच्या न्हाईत," म्हणायचात. आम्ही पाठ केलं. स्वतःचं काही स्क्रीनवर आणायला मात्र मला एका सीनियरचं पातळसं पुस्तक मागून आणावं लागलं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तुम्ही प्रोजेक्टचे विषय वाटलेत. मला आलं 'हॉटेल मॅनेजमेंट'. मी हरखलेच. शिरूरला स्टँडसमोर आमचं हॉटेलच होतं, चहा-भज्यांचं, चार बाकड्यांचं. माझ्या वडिलांना, अण्णांना, तेव्हा कमी ऐकू यायला लागलं होतं. कुणी दोन हाफ चहा सांगितला तर ते भजी नेऊन ठेवायचे आणि गिऱ्हाईक मुद्दाम आणखी हळू बोलायचं. म्हणून मी असं बनवलं, की आईनं बाकड्यापाशी मोबाइलवर ऑर्डर दाबली की भट्टीजवळच्या मोबाइलवर ती मोठ्या अक्षरांत उमटावी.

मी तुमच्या टेबलाशी उभी आहे. तुम्ही फाइलचं पहिलं पान वाचता आणि हसता. "हॉटेल म्हंजे खोल्या असतेत, पोरी. ही तर टपरी हाय! लई शानी झालीस का? मागच्या वर्षीचा तयार प्रोजेक्ट घे अन् नाव बदलून आण." वर्ग खिदळतो. खोल्यांचं हॉटेल आमच्यातल्या एकानंही आतून पाहिलेलं नव्हतं. तुम्ही मोबाइल हातातसुद्धा घेतला नाहीत. ते चालत होतं, सर. मी तो खोल्यांचा प्रोजेक्ट उतरवून काढला, पास झाले, आणि आपलं ते टपरीचं म्हणून लाजेनं अण्णांना कधी दाखवलंच नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी हॉटेल बंद केलं. "लोक हसतेत," एवढंच म्हणाले.

तुम्ही भले होतात, असं सगळे म्हणतात. असाल. मी पोरांना सांगते, पातळ पुस्तक घ्या, घरात काय अडतंय ते बघा आणि तेच बनवा. हे मी तुमच्याकडून शिकले नाही. हे पत्रही कुणाकडे द्यायचं नाहीये. एक मात्र कबूल करते. आजही काही नवं बनवलं की मनातल्या मनात ते आधी तुमच्यापुढे ठेवते, आणि तुम्ही बटण दाबायची वाट बघत बसते.