वजन, वहिनी आणि मी

३ जानेवारी १९६१, बसवनगुडी

नापास! ट्रेसिंगच्या, म्हणजे नकाशे गिरवायच्या परीक्षेत पहिली आले, मुलाखतीत पास झाले आणि वजनाच्या काट्यावर नापास. काट्यापाशी बसलेल्या कारकुनानं आकडा मोठ्यानं वाचला. दोनदा. बाकावरच्या मुली तोंडावर रुमाल धरून हसत होत्या.

कारखान्याच्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, नोकरी हातची गेलेली नाही, फेब्रुवारीच्या मध्यावर पुन्हा तपासू. तोवर तूप, साखर, तळलेलं बंद. रात्री भात नाही. पहाटे भरभर चालायचं, दोरीवरच्या उड्या, जमिनीवर झोपून पाय उचलायचे. सगळं घरच्या घरी. मी म्हटलं, करीन. त्या म्हणाल्या, "एकटीनं करू नका. एकटीचं चार दिवस टिकतं. बरोबर करणारी, रोज उठवणारी दोन माणसं आधी शोधा."

दोन माणसं! घरात तीन आहेत. शोधायची कशाला?

४ जानेवारी

जेवताना सांगितलं. दादा पोट धरून हसला. मग म्हणाला, अगं मी येतो की रोज, मलाही पोट सुटलंय. आईचं एकच — पोरगी अंगानं भरलेली आहे, त्यात काय बिघडलं? आजवर एकाही स्थळानं ‘भरलेली’ म्हणून हो म्हटलेलं नाही, हे तिच्या लक्षात कसं येत नाही? वहिनीला म्हटलं, माझी भाजी वेगळी काढाल ना, बिनतेलाची? तिनं मान हलवली. ती कशालाही मान हलवते.

ही नोकरी मला हवी आहे. कारखाना कृष्णराजपुरमच्या बाजूला, रोज जाणं-येणं होणार नाही. तिथं बायकांचं वसतिगृह आहे. माझी स्वतःची खोली!

५ जानेवारी

दादा उठला नाही.

६ जानेवारी

दादा उठला, चहा प्यायला, पुन्हा झोपला. म्हणाला, थंडी बघ किती आहे. जसं काही मी आणली.

८ जानेवारी

वीणाला विचारलं होतं. ट्रेसिंगच्या वर्गात माझ्या शेजारी बसायची, जिवाभावाची. आज आली. रेशमी साडी नेसून! लालबागेच्या फाटकापर्यंत पोचलो नाही तोच तिचे पाय दुखायला लागले. गांधी बझारमधून परत येताना हॉटेलात शिरली आणि दोन मसाला डोसे मागवून मोकळी. "एवढं चाललो, अंगात ताकद यायला नको?" म्हणे. मी हात लावला नाही. तर तिनं दोन्ही खाल्ले, माझ्या देखत, चटणी दोनदा मागून. वर मला म्हणते, तू फार रागावतेस हल्ली.

हो, रागावते. भूक लागलीय मला!

९ जानेवारी

आज खोलीत दोरीवर उड्या मारल्या. दहा-बारा झाल्या असतील, खालून छताला काठीचे ठोके. मग जिन्यात पावलं. खालच्या गंगव्वा. निपाणीकडच्या, नवरा कल्लाप्पा अबकारी खात्यात. आमच्यापेक्षा मोठा संसार, मोठा आवाज आणि माझ्याहून मोठा देह. दारात उभं राहून म्हणाल्या, "काय करायलीस गं वर? माझ्या देवघरात चुना पडायलाय."

लाज गुंडाळून सगळं सांगितलं. त्या कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, माझे गुडघे गेलेत, डॉक्टर वजन उतरवा म्हणतो, पण घरात कुणी बरोबर येत नाही. उद्यापासून दोघी जाऊ. "सरी, ठरलं. मी खालनं हाक मारतो, तू ये. नाही आलीस तर वर येऊन ओढून नेतो."

मी होच म्हटलं. दुसरं आहे कोण?

१२ जानेवारी

गंगव्वा चालतात कमी, बोलतात फार. कानडीत सुरू करतात, मराठीत संपवतात. माझं चालणं चुकतं, माझा पदर चुकतो, एवढ्या वयाची होऊन लग्न नाही हेही चुकतं. लालबागेतल्या खडकावर चढताना मला म्हणाल्या, स्वल्प थांब. थांबले. तेवढ्यात कनवटीची शेंगदाण्याची पुडी सोडली! म्हटलं, अक्का, हे काय? तर म्हणे, दाण्यांत वजन नसतं.

डोकं फिरलं. पण पहाटे हाक आली होती. अंधारात, कडाक्याच्या थंडीत. ती सख्ख्या भावाची नव्हती.

१४ जानेवारी

संक्रांत. दिवसभर बायका येताहेत, एळ्ळु-बेल्ला देताहेत — तीळ, गूळ, खोबरं, दाणे — आणि साखरेची चित्रं, पोपट काय, तुळशीवृंदावन काय. आमच्या घरी तिळगूळ, गुळाच्या पोळ्या. दादानं माझ्यासमोर पोळीवर तूप ओतून घेतलं. आईनं माझ्या ताटात वाढली. मी काढून ठेवली. तिनं पुन्हा वाढली. मी पुन्हा काढली. सणाच्या दिवशी अन्न टाकतेस म्हणून रडायला लागली. दादा मला म्हणाला, आईला रडवायचं आहे का तुला? आणि आपण तिसरी पोळी घेतली.

एक पोळी खाल्ली. रागानं खाल्ली. चव लागली नाही.

२१ जानेवारी

सिटी स्टेशनवरच्या काट्यावर वजन केलं. वाढलंय! तिकिटाच्या मागं भविष्य छापलेलं असतं. आप्तांचं सहकार्य लाभेल म्हणे. फाडून रुळांवर टाकलं.

कसं वाढेल? रोज चालते आहे. उड्या अंगणात मारते आहे, सगळी गल्ली बघते. भात सोडला. दोन भाकऱ्या, पालेभाजी, ताक. बस. कुठं चुकतंय?

२२ जानेवारी

कळलं. ताक! आज जिभेवर नीट घोळवून बघितलं. ते ताक नव्हतंच, घट्ट दही पाणी घालून दिलेलं, तळाशी साखर. भाकरी इतकी मऊ कशी ते मला आधीच कळायला हवं होतं. बोटांना तूप लागलं.

स्वयंपाक वहिनी करते.

सगळ्यांसमोर विचारलं तिला. विचारलं कुठलं, सांगितलंच. म्हटलं, मी या घरातून जाऊ नये, तुमच्या हाताखाली फुकट राबत राहावं, म्हणून हे चाललंय ना? तिच्या हातात पोळपाट होता. तो तिनं हळूच खाली ठेवला. दादा तिच्यावर ओरडला, कधी नव्हे तो असा ओरडला. आई भिंतीला टेकून बसली होती.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? खूप बरं वाटलं.

२३ जानेवारी

वहिनीशी बोलत नाही. माझी भाकरी मीच थापते. तुटते, करपते. खाते.

२६ जानेवारी

दादाला सुट्टी. आज आला एकदाचा फिरायला, गंगव्वांसमोर छाती काढून चालला. येताना म्हणाला, असं रोज यायला हवं. माझ्या जिभेवर जे आलं ते इथंही लिहिता येणार नाही.

२९ जानेवारी

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

वाटेत गंगव्वांच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून अर्ध्यातून परतलो. मागच्या दारानं आले. स्वयंपाकघरात आई. माझ्या झाकून ठेवलेल्या पिठाच्या परातीत तुपाचं भांडं उपडं करून, दोन्ही हातांनी मळत होती. माझं पीठ, मी काल रात्री काढून ठेवलेलं!

मला बघून तिनं हात मागं घेतले. लहान मूल घेतं तसे. पहिल्यांदा म्हणाली, कोरडं कोरडं खातेस, बघवत नाही. मी म्हटलं, आई, खरं सांग. ताकात साखर कोण घालत होतं? तेव्हा खाली बसली.

"तू गेलीस की मी दिवसभर बोलायचं कुणाशी? दामू रात्री येतो. रस्त्यावर कानडी, बाजारात कानडी, देवळात कानडी. सून हो म्हणते नि गप्प बसते. तीन वर्षं झाली या गावात येऊन, तुझ्याशिवाय मला हाक मारणारं कोण आहे?"

मी काय म्हणायला हवं होतं? चांगल्या मुलीनं काय म्हटलं असतं? मी म्हटलं, मग मी लठ्ठ होऊन तुझ्याशेजारी मरू का?

म्हटलं. ऐकलं तिनं. मी माफी मागितलेली नाही. आत्ता मागवत नाही.

वहिनी मोरीपाशी भांडी घासत होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिच्याजवळ गेले. विचारलं, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत? तिनं राखेचा हात धुतला.

"तुम्ही विचारलंत कुठं, वन्सं? सांगूनच टाकलंत." मग एक भांडं पालथं घालून म्हणाली, "आणि आईंचं नाव घेतलं असतं तर त्यांना कुठं बसायला जागा उरली असती?"

तिच्याकडे बघवेना. हाही रागच. पण उलट्या दिशेनं आलेला.

३० जानेवारी

आई जेवली नाही. मीही नाही. दादा दोघींच्या वाटचं जेवला आणि आज घरात सगळे असे का बसलेत म्हणून विचारत होता.

२ फेब्रुवारी

पहाटे गंगव्वांच्या हाकेआधी कुणीतरी खांदा हलवला. वहिनी. हातात पाण्याचा तांब्या. परत आले तर सतरंजी घालून ठेवलेली. मी पाय उचलायला पाठीवर झोपले, तशी माझ्या डोक्याशी बसून तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले. पाय खाली टेकायला लागले की नुसतं "अजून" म्हणायची. पोटात आग पडली. तिला शिव्या घालाव्याशा वाटत होत्या. ती "अजून" म्हणाली.

भाजी आज तिनं केली. पाण्यात शिजवलेली. इतकी बेचव की खात्री पटली!

५ फेब्रुवारी

आई अजून धड बोलत नाही. पहाटे फिरताना मी गंगव्वांना सगळं सांगितलं होतं; दुपारी त्या वर आल्या, आईचा हात धरला आणि पापड लाटायला घेऊन गेल्या. आईला म्हणाल्या, बोलायला माणूस नाही म्हणून पोरीचं पीठ कशाला नासवताय, मी काय मेलो का खाली? असं तोंडावर! आई घाबरतच त्यांच्याबरोबर गेली. दिवेलागणीला परतली. रात्री मला म्हणाली, त्या बाईला मराठी धड येत नाही. पण तासभर त्या बाईबद्दलच सांगत होती.

मी ऐकलं. मान वर केली नाही, पण ऐकलं.

११ फेब्रुवारी

स्टेशनवर वजन केलं. आकडा लिहीत नाही.

१५ फेब्रुवारी

पास!

काट्याची दांडी हलत होती, हलत होती, मी श्वास धरून उभी. तोच कारकून. या खेपेला आकडा मोठ्यानं वाचला नाही. मी वाचला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मिळाली का दोन माणसं? म्हटलं, मिळाली. जिथं शोधत होते तिथं नव्हती.

घरी आले तर दादानं पेढे आणलेले. शेजारच्या रघुपतींना सांगत होता, पहाटे उठवून चालवलं हो हिला, तेव्हा कुठं! मी दारात उभी, पेढ्याचा पुडा माझ्या हातात. फेकणार होते. आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि दादाला म्हणाली, "दामू, तू एक दिवस गेलास." एवढंच. पण म्हणाली.

पंधरा दिवसांत रुजू व्हायचं आहे.

१७ फेब्रुवारी

वहिनीनं आजही पहाटे उठवलं. म्हटलं, आता कशाला, झालं की सगळं. ती सतरंजीवर बसली. म्हणाली, तुमचं झालं.

डिसेंबरात ती चार दिवस मावसबहिणीकडे राहायला गेली होती. तिथून तीही कारखान्यात गेली होती. तिथं सुट्या भागांच्या जोडणीच्या कामाला मुली घेतात, मॅट्रिक झालेल्या. तिलाही काट्यावरून परत पाठवलं. वजन कमी भरलं म्हणून! मार्चमध्ये पुन्हा बोलावलंय. विचारलं, सांगितलं का नाहीत? म्हणाली, एका घरातून दोघी कशा उठणार, आधी तुमचं होऊ दे म्हटलं.

तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावलं. तीन वर्षं ती आम्हाला वाढते आहे. सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात बसते. तिथं भांड्यात काय उरलेलं असतं, मी एकदाही वाकून बघितलं नाही.

रात्री तिला पहिल्या पाटावर बसवलं. भात वाढला, त्यावर तूप. दादा म्हणाला, हे काय, माझं पान कुठाय?

म्हटलं, थांब.